हप्ता आला नाही, पेन्शन थांबली: तक्रार कुठे आणि कशी करावी? नागपूर जिल्ह्यातील नव्या मदतनीसांसाठी

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे पीएम-किसानचे तीन हप्ते लागोपाठ आले नाहीत. मी नागपुरात नोकरीला आणि ते काटोल तालुक्यातल्या गावी. त्यामुळे जे काही करायचे ते सुट्टीच्या दिवशी, घाईत आणि ऐकीव माहितीवर. मी थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला. तो जिल्ह्यातून तहसिलीत आणि तहसिलीतून कृषी कार्यालयात असा फिरत राहिला आणि अडीच महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: ‘आपल्या बँकेशी संपर्क साधावा.’ पुढे कळले की पैसे कुठे अडलेच नव्हते. गावात लागलेल्या एका शिबिरात वडिलांचे दुसऱ्याच एका बँकेत खाते उघडले गेले होते, आधार त्या खात्याला जोडले गेले होते आणि तिन्ही हप्ते, म्हणजे ६,००० रुपये, त्या खात्यात जमा होऊन पडले होते. त्या खात्याचे पासबुक आमच्या घरी कधी पोहोचलेच नव्हते.

त्यानंतर शेजाऱ्यांची, मग नातेवाइकांची आणि आता आसपासच्या चार-पाच गावांची अशी कामे मी करत आलो आहे. गावोगावी आता शिकलेली मुले-मुली, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या ताई हे काम हाती घेताना दिसतात. पैसा नेमका कोणाच्या टेबलावर थांबला आहे हे शोधल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका, एवढे एक पथ्य त्यांनी पाळले तरी बहुतेक कामे तालुक्याच्या बाहेर जात नाहीत. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. शेतकरी ‘पैसे’ म्हणतो, तेव्हा कोणते पैसे ते आधी ओळखा

‘माह्या खात्यात काहीच नाही आलं जी,’ एवढेच सांगून काकाजी समोर बसतात. त्यांच्या मनात सगळे सरकारी पैसे एकच असतात. आपण मात्र पहिल्या पाच मिनिटांत ते वेगळे केले पाहिजेत, कारण प्रत्येक पैशाचे कार्यालय वेगळे आहे.

पीएम-किसान ही केंद्राची योजना आहे. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत येतात. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे हप्त्यांचे कालखंड आहेत. नमो शेतकरी महासन्मान निधी ही राज्याची योजना आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि तिचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये वाटला गेला. ती पीएम-किसानच्याच यादीवर चालते, म्हणून पीएम-किसान अडले की नमोही अडते. अशा वेळी नमोची वेगळी तक्रार करण्यात वेळ घालवू नये. या दोन्हींचे काम तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चालते.

अतिवृष्टी, गारपीट यांची मदत महसूल विभागाकडून, म्हणजे ग्राम महसूल अधिकारी (ज्यांना आपण अजूनही तलाठीच म्हणतो) आणि तहसीलदार यांच्याकडून येते. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे तहसिलीतल्या संजय गांधी योजना शाखेतून येतात. पीक विम्याचे पैसे विमा कंपनीकडून येतात. त्यासाठी १४४४७ हा क्रमांक आहे. विम्याचा विषय या लेखात मी घेतलेला नाही, कारण त्याचे नियम हंगामागणिक बदलतात आणि प्रत्येक वेळी त्या हंगामाचा शासन निर्णय वाचूनच बोलावे लागते.

२. कागदांची एक पिशवी तयार ठेवा

प्रत्येक फेरीत एखादा कागद कमी पडतो आणि शेतकऱ्याची एक मजुरी बुडते. भिवापूर किंवा नरखेडच्या टोकाच्या गावाहून येणाऱ्याचा तर संपूर्ण दिवस जातो. म्हणून पहिल्याच भेटीत खालील गोष्टी एका पिशवीत घालायला सांगा.

- आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल, सिम चालू असलेला. मुलाचा किंवा जावयाचा नंबर दिलेला असेल, तर ती व्यक्तीही फोनवर उपलब्ध हवी.
- घरातल्या सर्व बँक खात्यांची पासबुके, फक्त ‘चालू’ म्हणून दाखवले जाते ते नव्हे. जनधनचे, पोस्टाचे, पीककर्जाचे आणि जिल्हा बँकेचे खातेही त्यात आले.
- चालू सातबारा आणि आठ-अ. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो आणि तो कार्यालयात चालतो.
- जमीन वारसाने आली असेल, तर फेरफाराची नक्कल आणि मूळ खातेदाराच्या मृत्यूचा दाखला.
- शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी. तो ११ अंकी असतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो आवश्यक केलेला आहे.
- पीएम-किसानचा नोंदणी क्रमांक. तो माहीत नसल्यास त्याच संकेतस्थळावर आधार किंवा मोबाइलवरून ओटीपी घेऊन मिळतो.
- पेन्शनच्या कामासाठी वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, तसेच रेशन कार्ड.

फार्मर आयडीबद्दल एक खबरदारी घ्या. तो काढताना काही ठिकाणी शेतकऱ्याचा एकच गट जोडला गेला आणि बाकीचे गट राहून गेले. आयडी आहे म्हणून निश्चिंत न होता, आठ-अ वरचे सगळे गट त्यात दिसतात का हे पडताळून पाहा.

३. पैसा कुठे थांबला ते शोधा

या पायरीला जितका वेळ लागेल तितका द्या. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘आपली स्थिती जाणून घ्या’ या ठिकाणी नोंदणी क्रमांक टाकला की शेतकऱ्याची माहिती उघडते. त्यात तीन गोष्टींपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ असते: जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) झाली आहे का आणि आधार बँकेशी जोडलेले आहे का. त्याखाली हप्तानिहाय माहिती असते. कुठे राज्याने मागणीवर सही केल्याचे (आरएफटी) लिहिलेले असते, कुठे रक्कम पाठवण्याचा आदेश (एफटीओ) निघाल्याचे, तर कुठे रक्कम कोणत्या बँकेत कोणत्या तारखेला जमा झाली हेच लिहिलेले असते. हे पान छापून घ्या. तुमच्या तक्रारीचा सर्वांत मोठा पुरावा तोच आहे.

आता त्या तीन ‘होय-नाहीं’चे अर्थ पाहू.

आधार-बँक जोडणी ‘नाही’ असेल, तर काम बँकेत आहे, कृषी कार्यालयात नाही. इथे नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. खात्याला केवायसी म्हणून आधार दिलेले असणे वेगळे आणि सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी (यालाच डीबीटी म्हणतात) एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ते आधार त्या बँकेशी जोडलेले असणे, म्हणजे ‘सीडिंग’, वेगळे. बँकेतला कर्मचारी ‘आधार लिंक आहे’ असे सांगतो तेव्हा तो बहुधा पहिल्या अर्थाने सांगत असतो. त्याला स्पष्ट विचारा: ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग झाले आहे का?’ झाले नसेल तर आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि त्याची पोच घ्या. एका वेळी एकाच बँकेची नोंद तिथे राहते आणि जी बँक शेवटी जोडली गेली तिच्याच खात्यात पैसे जातात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये त्या बँकेचे नाव दिसते; साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही ते पाहता येते. माझ्या वडिलांच्या बाबतीत ही दोन मिनिटांची तपासणी मी आधी केली असती, तर अडीच महिने वाचले असते.

पैसे ‘जमा’ दिसतात पण शेतकरी ‘नाही आले’ म्हणतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवू नका. ज्या बँकेचे नाव दिसते तिथे जाऊन पासबुक भरून घ्या. कधी खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असते, तर कधी रक्कम आलेली असते आणि किमान शिल्लक नसल्याच्या शुल्कात किंवा थकलेल्या कर्जात वळती झालेली असते. कर्जात वळती झाली असेल तर शाखा व्यवस्थापकाला लेखी विचारा. अतिवृष्टीच्या मदतीबाबत शासन निर्णयातच अशी वसुली करू नये असे लिहिलेले असते. त्या निर्णयाची प्रत अर्जाला जोडली की बोलणे लवकर संपते.

ई-केवायसी ‘नाही’ असेल, तर ती मोबाइलवरच्या ओटीपीने, सेतू किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या) केंद्रावर अंगठ्याने किंवा पीएम-किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून, अशा तीन प्रकारे होते. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अंगठ्याचा हट्ट धरू नका. गेल्या हिवाळ्यात नरखेडकडचे एक काकाजी माझ्याकडे आले होते. पासबुक खताच्या गोणीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोऱ्याने बांधलेले. दोन केंद्रांवर त्यांचा अंगठा सात-आठ वेळा लावून झाला होता आणि दोन्हीकडून ‘आधार अपडेट करा’ म्हणून परत पाठवले होते. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आणि संत्र्याची छाटणी केलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. अंगठ्याचे टोक गुळगुळीत आणि भेगाळलेले होते. त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवले, डोक्याचा दुपट्टा थोडा मागे सारायला सांगितले आणि ॲपवर चेहऱ्याने केवायसी केली. तिसऱ्या प्रयत्नात झाली. त्यांनी ती पुसट हिरवी खूण दोनदा पाहून खात्री करून घेतली. एका मोबाइलवरून इतर शेतकऱ्यांचीही अशी केवायसी करता येते. तेव्हा ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी जाऊनच ती करावी.

जमिनीची नोंद ‘नाही’ असेल, तर सातबारा, आठ-अ आणि लागल्यास फेरफार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पीएम-किसानचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जावे लागते. पण सातबाऱ्यातच चूक असेल, नाव आधारपेक्षा वेगळे असेल किंवा गट क्रमांक चुकला असेल, तर कृषी कार्यालय काहीही करू शकत नाही. संगणकीकरणातला लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. अर्ज त्यांच्या नावे द्या. आधारवरचेच नाव चुकले असेल, तर आधी आधार दुरुस्त करावे आणि मग बाकीच्या कागदांना हात लावावा. हा क्रम उलटा केला, तर एकच काम दोनदा करावे लागते.

अडचण दूर झाल्यावर मागचे हप्तेही मिळतात, हे शेतकऱ्याला आवर्जून सांगा. पात्र असूनही ज्याचा हप्ता कागदाच्या दोषामुळे थांबला, त्याला नोंदणीच्या कालखंडापासूनचे थकलेले हप्ते मिळण्याचा हक्क योजनेतच आहे.

४. तक्रार करण्यापूर्वी पात्रता प्रामाणिकपणे तपासा

पीएम-किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही अट आहे. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीवर मिळतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले, आणि त्यात लाभ एकालाच आहे. नवरा-बायको दोघांच्या नावे हप्ते येत होते आणि पडताळणीत थांबले, अशी प्रकरणे अलीकडे बरीच येतात. तिथे तक्रार करून उपयोग नाही, एकाचे नाव सोडावे लागते. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी, १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त मासिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते आणि सनदी लेखापाल अपात्र आहेत.

एक सापळा मी वारंवार पाहतो. मुलाने ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी वडिलांच्या नावे आयकर विवरणपत्र भरलेले असते. त्यात कर शून्य असला तरी प्रकरण पडताळणीत अडकू शकते. अशा वेळी कर भरलेला नाही हे दाखवणारी विवरणपत्राची प्रत अर्जाला जोडा.

खातेदार वारला असेल, तर त्याच्या नावाचे हप्ते काढत राहू नका. ते नंतर वसूल होतात. मृत्यूची माहिती कृषी कार्यालयाला लेखी द्या, वारस फेरफार करून घ्या आणि वारसाच्या नावे नवीन नोंदणी करा. फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, तेव्हा तेवढा वेळ धरूनच चाला.

५. अतिवृष्टीची मदत: यादी, व्हीके नंबर आणि सामाईक खाते

या मदतीत तक्रारीची मुदत पैसे आल्यावर नव्हे, पंचनाम्याच्या वेळीच सुरू होते. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावे लागते आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पंचनामा करणारे पथक येऊन गेले आणि आपले शेत सुटले, असे कळताच त्याच आठवड्यात ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि सोबत शेताचे फोटो जोडा. फोटोत धुऱ्यावरची एखादी ओळखीची खूण, विहीर, विजेचा खांब किंवा झाड, दिसेल असे पाहा.

याद्या अपलोड झाल्यावर प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. त्याला सगळे ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो घेऊन सेतू केंद्रावर आधार प्रमाणीकरण करावे लागते आणि ते केले नाही तर मंजूर रक्कमही येत नाही. २०२५ च्या अतिवृष्टीच्या मदतीत फार्मर आयडी असलेल्यांना यातून सूट दिली गेली; तरी आपल्या हंगामाचा शासन निर्णय पाहूनच सांगावे. प्रमाणीकरणाच्या वेळी केंद्रचालक पडद्यावर क्षेत्र, रक्कम आणि खाते दाखवतो. ते चुकीचे असेल तर तिथेच ‘असहमत’ नोंदवता येते आणि तक्रार तहसीलदाराकडे जाते. घाईत ‘सहमत’ दाबले गेले की पुढे सगळे अवघड होते. म्हणून शेतकऱ्याला एकट्याला पाठवू नका. आणि पाठवलेच, तर पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायला सांगून पाठवा.

सामाईक खात्यात सर्वांत जास्त वेळ आणि मनस्ताप जातो. सातबाऱ्यावर चार भाऊ, एक पुण्याला, एक बहीण छिंदवाड्याला आणि शेती करणारा एकटा गावात. मदत एकाच्या खात्यात घ्यायची तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. ते मिळत नसेल, तर कार्यालयावर रागावून काही होत नाही. मी अशा घरांना दिवाळीत सगळे गावी येतात तेव्हा संमतीपत्रावर सह्या करून ठेवायला सांगतो आणि जमलेच तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करायला सांगतो. वाटणी झालेली असली की पुढच्या प्रत्येक योजनेत ते घर सुटते.

६. म्हातारपणाची पेन्शन

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली, प्रधानमंत्री किसान मानधन योजना. ती सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला, १८ ते ४० वयाचा शेतकरी तीत दरमहा ५५ ते २०० रुपये भरतो आणि वयाच्या साठीनंतर त्याला दरमहा ३,००० रुपये मिळायचे आहेत. म्हणजे जो २०१९ मध्ये चाळिशीचा होता, त्याचीही पेन्शन २०३९ मध्ये सुरू होईल. आज साठी ओलांडलेल्या कोणालाही या योजनेतून पेन्शन मिळू शकत नाही. तरीही ‘पीएम-किसानवाल्यांना तीन हजार पेन्शन लागू झाली’ असे सांगून म्हाताऱ्या माणसांकडून फॉर्मचे शे-दोनशे रुपये घेणारे लोक फिरतात. त्यांना तिथेच थांबवा. ज्यांनी खरोखर नोंदणी केली आहे त्यांची तक्रार बहुधा खात्यातून हप्ता कापला न गेल्याची असते. खात्यात शिल्लक आहे का ते पाहून सीएससी केंद्रावर थकबाकी भरावी. दहा वर्षांच्या आत बाहेर पडले तर भरलेली रक्कम बचत खात्याच्या व्याजासह परत मिळते.

दुसरी, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आजच्या म्हाताऱ्या शेतकरी आणि शेतमजुरांना आधार देते ती हीच. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. २१,००० ही मर्यादा आजच्या महागाईत फार कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नियम तो आहे आणि दाखला त्यातच बसला पाहिजे.

सुरू असलेली पेन्शन अचानक थांबली, तर तीन शंका क्रमाने तपासा. हयातीचा दाखला दिला का? हे पैसे आता डीबीटीने येतात, तर आधार एनपीसीआयला जोडलेले आहे का? आणि गावच्या यादीत चुकून मृत किंवा स्थलांतरित म्हणून नोंद तर झाली नाही ना? तिसरी शंका विचित्र वाटेल, पण मुलीकडे चार महिने राहून आलेल्या एका म्हातारीच्या बाबतीत हेच झाले होते. तिला तहसिलीतल्या संजय गांधी योजना शाखेत स्वतः घेऊन गेलो आणि ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला जोडला, तेव्हा नाव पुन्हा यादीत आले. हयातीच्या दाखल्याची तारीख शाखेत विचारून पेन्शन घेणाऱ्याच्या घरच्या कॅलेंडरवरच लिहून द्या.

७. अर्ज असा लिहा की उत्तर टाळता येणार नाही

एका अर्जात एकच विषय आणि एक पान पुरेसे असते. ‘माझ्यावर अन्याय झाला’ याने सुरुवात करू नका. क्रमांक, तारीख आणि मागणी यांनी करा.

‘प्रति, मा. तालुका कृषी अधिकारी. विषय: पीएम-किसान नोंदणीतील जमिनीची नोंद अद्ययावत करून थकीत हप्ते मिळण्याबाबत. महोदय, माझा नोंदणी क्रमांक अमुक आहे. मौजा अमुक येथील गट क्रमांक अमुक ही जमीन माझ्या नावे आहे. अमुक तारखेला संकेतस्थळावर पाहिले असता ई-केवायसी ‘होय’, आधार-बँक जोडणी ‘होय’ आणि जमिनीची नोंद ‘नाही’ असे दिसते. त्या पानाची प्रत, सातबारा आणि आठ-अ सोबत जोडले आहेत. नोंद अद्ययावत करावी, आणि ते शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती.’

शेवटचे वाक्य कधीही गाळू नका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, पाहतो’ असे म्हटले, तर नम्रपणे टपाल शाखा कुठे आहे ते विचारा आणि तिथे द्या. तिथेही पोच मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका. आणि शेतकऱ्याची सही घेण्यापूर्वी अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवा; तो त्याचा अर्ज आहे, तुमचा नव्हे.

८. तालुक्यात काम झाले नाही तर

पीएम-किसानसाठी १५५२६१ हा मदत क्रमांक आहे. फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून घ्या. लेखी तक्रारीसाठी राज्याचे ‘आपले सरकार’ हे तक्रार निवारण पोर्टल आहे; तिथे २१ कामकाजाच्या दिवसांत निवारण अपेक्षित आहे. केंद्राच्या योजनेसाठी सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचे तक्रार पोर्टल आहे. तिथेही मुदत २१ दिवसांची असून, तक्रार समाधानाविना बंद केली तर ३० दिवसांत अपील करता येते. दोन्ही ठिकाणी तालुक्याची पोच आणि स्थितीचे पान जोडल्याशिवाय तक्रार करू नका, नाहीतर ती फिरून त्याच टेबलावर येते.

माझा स्वतःचा भरवसा लोकशाही दिनावर, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या ठरलेल्या दिवसावर, अधिक आहे, कारण तिथे अधिकारी समोर असतो. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, तर जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी असतो. सुट्टी आल्यास पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. आधी तालुका, तिथे महिनाभरात निकाल लागला नाही तर जिल्हा आणि त्यानंतर दुसऱ्या सोमवारी विभागीय आयुक्त, असा क्रम आहे. तालुक्याच्या लोकशाही दिनाचा टोकन क्रमांक नसताना थेट सिव्हिल लाईन्सला, जिल्हाधिकारी कार्यालयात, गेलेली माणसे मी परत येताना पाहिली आहेत. एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्यांना दुपारी तिथे नेऊ नका. सकाळची बस धरा आणि सोबत पाणी ठेवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि शुल्क लागत नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जाऊन रांग लावण्याची गरज नाही. तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने जाते.

एवढे करूनही उत्तर येत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शून्य. उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा. ‘माझे काम का केले नाही?’ असा प्रश्न विचारला की ही माहितीच नाही असे उत्तर येऊ शकते. त्याऐवजी असे मागा: ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी, तो अर्ज सध्या ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम आणि संबंधित नोंदींच्या साक्षांकित प्रती.’ माझ्या अनुभवात हा अर्ज पोहोचल्यावर, उत्तर येण्यापूर्वीच मूळ काम झाल्याचे अनेकदा घडले आहे. उत्तर आलेच नाही तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे.

९. ओटीपी आणि लिंक यांबाबत

हप्त्याची तारीख जवळ आली की व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल फिरू लागते. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि खाते रिकामे होते. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे. कोणाचेही काम करताना ओटीपी तुम्ही स्वतः मागू नका. तो त्याच्या हाताने, तुमच्यासमोर टाकू द्या आणि त्याचे आधार-पासबुकाचे फोटो काम झाल्यावर तुमच्या फोनमधून काढून टाका. पैसे गेलेच, तर बँकेत जाण्याआधी १९३० वर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

१०. एक वही ठेवा

दोनशे पानी साधी वही पुरते. प्रत्येक शेतकऱ्याला एक पान: नाव, गाव, कोणता पैसा, ‘होय-नाही’ची स्थिती आणि ती पाहिल्याची तारीख, कुठे अर्ज दिला, आवक क्रमांक, पुन्हा जायची तारीख. आधार क्रमांक पूर्ण लिहू नका, शेवटचे चार अंक पुरेत. पुढच्या तारखेला तुम्हीच फोन करा, कारण शेतकरी पेरणीत किंवा तोडणीत असला की त्याच्या लक्षात राहणार नाही. पैसे आल्याचा निरोप फोनवर मिळाला तरी पान बंद करू नका. पासबुकात नोंद करून आणायला सांगा, रक्कम आणि तारीख वहीत उतरवून घ्या आणि मगच त्या पानावर रेघ मारा.